फोन दोनदा वाजला की

"नळी आधी की टाय आधी, ते एकदाचं ठरव. दोन्हीकडून गळा आवळून घ्यायला मी काही ख्रिसमसचा टर्की नाही."

रोझेर थेरिओ पलंगाच्या कडेवर बसून कुरकुरत होता. त्याची बायको लोरेत त्याच्यापुढे वाकून शर्टाचं वरचं बटण लावत होती. ऑक्सिजनची नळी दोन्ही कानांवरून येऊन हनुवटीखाली जुळायची, टायची गाठ बसायची नेमकी त्याच जागी. शेजारी सिलिंडर आपल्या दोन चाकांवर उभा होता, फिरायला कधी नेताय म्हणून ताटकळलेल्या कुत्र्यासारखा.

"आणि हा शर्ट माझा नाही. कुणातरी जाड्याचा उचलून आणलायस."

"तुझाच आहे. तो जाड्या तूच होतास."

कॉलरमध्ये आता तिची चार बोटं सहज जात होती. तिने टायची गाठ वर सरकवली, त्याच्या छातीतली शिट्टी ऐकली आणि गाठ पुन्हा खाली घेतली. आयुष्यभर तो कागदाच्या मिलच्या बॉयलरपाशी उभा राहिला होता. डॉक्टरने कारण लिहिलं, सिगारेट. रोझेरने सिगारेट ओढली होती ती लग्नाआधी, तीही लोरेतवर छाप पाडायला, आणि तेव्हाही निम्मी खोकण्यातच वाया गेली होती. पण डॉक्टरला काहीतरी लिहायचं होतं, आणि रोझेरलाही ते कारण सोयीचं वाटलं. घरी येऊन तो सगळ्यांना सांगत सुटला, "तरुणपणाची पापं, दुसरं काय!"

ओव्हनमध्ये बीन्सचं मडकं सकाळपासून होतं. गूळकट, खारवलेल्या डुकराच्या तुकड्याचा वास घरभर पसरला होता. सभा संपली की चर्चच्या हॉलमध्येच शनिवारचं बीन्सचं जेवण होणार होतं. वाद घालायचा, मग एका टेबलाशी बसून जेवायचं, ही हॅस्केल फॉल्स गावाची रीत. खरं तर वाद फारसा कुणी घालतच नसे. जेवण मात्र चुकत नसे.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला. एकदा. दोनदा. आणि थांबला.

लोरेत कधी उठली, कधी पलीकडच्या खोलीत पोचली, तिचं तिलाच कळलं नाही. भानावर आली तेव्हा ती मागच्या दाराशी उभी होती आणि एक हात कडीवर होता. बाहेर कपड्यांची दोरी रिकामी होती. गेली कित्येक वर्षं ती रिकामीच होती. कपडे आता तळघरातल्या यंत्रात वाळत. दोरीला एक चिमटा तेवढा लटकत राहिला होता, लाकडी, पावसाने करडा पडलेला.

ती परत आली. रोझेर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"रेमी असेल," तो म्हणाला.

रेमीच होता. आला तोच दारातून बोलत. "मीच केला होता फोन, निघालो म्हणून सांगायला. मग म्हटलं, कोपऱ्यावर तर आलोच, कशाला उचलायला लावा. अजून तयार नाहीत पापा?"

"असा अर्धवट फोन करत जाऊ नकोस," लोरेत म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे करायचा तर नीट वाजू दे."

रेमी तिचा धाकटा. आता त्याच मिलमध्ये पाळीचा फोरमन होता, पोट सुटायला लागलेला, स्वभावाने लोण्यासारखा. दोन पोरांचा बाप झाला तरी लोरेतला तो नेहमी हरवलेला हातमोजा शोधतानाच आठवायचा. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून बापाच्या हातात दिला.

"वेंटवर्थसाहेबांनी टाइप करून दिलंय. मोठ्या अक्षरात. दोन मिनिटांचंच आहे."

"कुणी लिहिलंय ते?" लोरेतने विचारलं.

"सांगितलं ना ममाँ, साहेबांनी."

"तुझ्या बापाच्या तोंडचं बोलणं वेंटवर्थसाहेबांनी लिहिलं. वा! आता श्वासही तेच घेतील तर बरं होईल."

"तू नको सुरू करू."

"मी कुठे काय सुरू केलं? त्याला दम लागतो, एवढंच म्हणते."

"दोन मिनिटांचा दम आहे माझ्यात," रोझेर म्हणाला. "उरलेला बीन्ससाठी राखून ठेवलाय."

भानगड अशी होती. वॉशिंग्टनहून नवा नियम आला होता. कागदाच्या कारखान्यांनी धुरातून काय काय आणि किती सोडायचं, त्याची मर्यादा आणखी खाली आणली होती. त्यासाठी नवी यंत्रणा बसवायला हवी होती. मिलने सांगितलं, मुदत वाढवून द्या, नाहीतर जुना बॉयलर बंद करावा लागेल. बॉयलर बंद झाला की मिल बंद, हे गावात पोरासोरांनाही समजत होतं. नदीपलीकडची बुटांची फॅक्टरी बंद पडली तेव्हा तिथल्या रस्त्यावरचे दिवेसुद्धा परत लागले नव्हते. मुदत द्यायची की नाही हे ठरवण्याआधी राज्याच्या पर्यावरण खात्याची माणसं गावाचं म्हणणं ऐकायला येणार होती. मिलचं म्हणणं, गावाने सांगावं की आम्ही नेहमी चांगले शेजारी होतो, आमच्यामुळे कुणाला कधी काही झालं नाही. आणि हे सांगायला रोझेर थेरिओपेक्षा चांगला माणूस कोण? सगळ्यांत जुना बॉयलरवाला. सगळ्यांचा लाडका. तो नाकात नळी घेऊन उभा राहिला आणि म्हणाला की मिलने माझं काही वाईट केलं नाही, तर कोण काय बोलणार?

लोरेतला ते 'कुणाला कधी काही झालं नाही' तेवढं नको होतं. बाकी त्याने मिलची आरती ओवाळली असती तरी तिची ना नव्हती. मिलच्या पगारावर हे घर उभं होतं, रेमीचंही उभं होतं. पण चर्चमागच्या टेकडीवर, दफनभूमीत, कोलेत होती. तिचा बाप हॉलमध्ये उभा राहून, माईकवर, सगळ्या गावासमोर 'कुणाला काही झालं नाही' म्हणणार, आणि आपण पुढच्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसणार. ते आपल्याच्याने होईल का, हे तिला माहीत नव्हतं. त्याला तसं सांगावं, तर कोलेतचं नाव घ्यावं लागलं असतं. आणि ते नाव मिल या शब्दाशेजारी ठेवायचं नाही, असा त्या घरात न बोलता झालेला करार होता.

कोलेत त्यांची थोरली. तिला रक्ताचा आजार झाला तेव्हा तिचं स्वतःचं पोर अजून पाळण्यात होतं. बोस्टनच्या डॉक्टरने तिला खूप प्रश्न विचारले होते. कुठे वाढलीस, पाणी कुठलं प्यायचीस, घराजवळ काय होतं. कोलेत म्हणाली, "झोका." डॉक्टर हसला. कोलेतही हसली. लोरेत शेजारच्या खुर्चीवर बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिली. उपचाराचा सगळा खर्च मिलच्या विम्यातून झाला. मातीच्या दिवशी मिलकडून आलेलं फुलांचं चक्र इतकं मोठं होतं की चर्चच्या दारातून ते आडवं करून आत न्यावं लागलं.

स्प्रूस स्ट्रीटवर कोलेत पहिली नव्हती. शेजारच्या ऑलिव्हिन सिरचा मुलगा गेतान तिच्याआधी गेला. कोपऱ्यावरच्या घरातली मुलगी नंतर. बायका एकमेकींच्या घरी डिशा पोचवत, आणि बसून कारणं शोधत. कुणी म्हणे विहिरीचं पाणी. कुणी म्हणे डबाबंद सूप. एकीला पक्की खात्री होती की मायक्रोवेव्हच. त्या बसल्या असत त्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिलचं धुराडं दिसायचं, घराच्या कुठल्याही खिडकीतून दिसायचं, आणि त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. वासाचंही तसंच. बाहेरचा माणूस पुलावर आला की गाडीची काच वर करायचा, कोबीच्या पातेल्यात अंडं नासावं तसा वास. गावातल्या माणसाला विचारलं तर तो अगदी भाबडेपणाने म्हणायचा, "कसला वास?"

"चला," रेमी म्हणाला. त्याने एका हाताने बापाला धरलं, दुसऱ्या हाताने सिलिंडर. लोरेतने मडकं टॉवेलात गुंडाळून घेतलं आणि गाडीत मांडीवर ठेवलं. ते इतकं गरम होतं की रस्ताभर तिला दुसरं काही सुचलं नाही. तेच बरं झालं.

हॉल भरला होता. पुढे टेबलाशी राज्याच्या खात्याची बाई बसली होती, तरुणच, केस मागे घट्ट बांधलेले. तिच्यापुढे बोलणं टिपून घेणारं यंत्र. बाजूला वेंटवर्थसाहेब, मिलतर्फे बोलणारे. माणूस वाईट नव्हता, नावानिशी सगळ्यांच्या नातवंडांची चौकशी करायचा. मागच्या भिंतीलगत जेवणाची टेबलं आधीच मांडून ठेवली होती. त्यांच्यावर डुकराचा खिमा भरून भाजलेल्या तूर्तिएर, लोणची, प्लोयची चळत. प्लोय म्हणजे धिरडी, गव्हाची नाही, कुट्टूच्या पिठाची, एका अंगाने जाळी पडलेली. सरकारी बाईची नजर दोनदा तिकडे गेली. लोरेतला ती त्याबद्दल आवडली.

ऑलिव्हिनने तिच्यासाठी जागा धरली होती. "ये, ये. ही खुर्ची मोडकी आहे, पण पंख्याखाली आहे. रोझेर काय दिसतोय गं! नवरदेवच."

"टाय मीच बांधलाय."

"म्हणूनच कैदी दिसतोय." ऑलिव्हिनने आपल्या पर्समधून एक पेपरमिंट काढून तिच्या हातात ठेवली. सगळ्या दुःखांवर ऑलिव्हिनचा हाच उपाय होता. गेतानच्या मातीच्या वेळीही तिने चर्चमध्ये सगळ्यांना पेपरमिंट वाटली होती.

एकेक जण बोलून गेला. युनियनचा माणूस बोलला, किराणावाला बोलला, शाळेची बाई बोलली. सगळे एकच बोलले आणि सगळ्यांना टाळ्या पडल्या. मग वेंटवर्थसाहेब माईककडे झुकून म्हणाले, "आता आपले रोझेर," आणि टाळ्या अशा पडल्या की प्लोयच्या चळतीवरचा टॉवेल घसरला.

रोझेर उठला. रेमीने सिलिंडर पुढे ढकलला. माईकपाशी पोचेपर्यंत तो दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळा कुणाशी तरी बोलायला थांबल्यासारखं केलं. कागद काढला. खिसे चाचपले.

"चष्मा," तो माईकवर म्हणाला. "लोरेत, माझा चष्मा."

चष्मा घरी होता, नाइट टेबलावर. टायच्या भांडणात राहून गेला होता. लोरेतने मान हलवली. पुढच्या रांगेत कुणीतरी आपला चष्मा देऊ केला. रोझेरने तो लावला आणि काढला. "याच्यातून मला फक्त देव दिसेल," तो म्हणाला. हॉल हसला. कागदाची घडी करून त्याने खिशात टाकली. वेंटवर्थसाहेबांचं हसू थोडं जागेवरून हललं, पण टिकून राहिलं.

"साहेबांनी छान लिहून दिलं होतं," रोझेर म्हणाला. "आता माझ्या भाषेत ऐका. आम्ही चांगले शेजारी होतो. खरंच होतो. कसे ते सांगतो."

त्याने श्वास घेतला. नळीने आपलं काम केलं.

"बाई, तुम्ही नवीन. धुराड्याच्या आधी आमचा एक सापळा होता. लोखंडी खोलीच म्हणा. धुरातली पांढरी भुकटी तिथे पकडली जायची. आता तो तुंबायचा. तुंबला की नियमाने बॉयलर विझवायचा आणि साफ करायचा. पण बॉयलर विझला की कागद थांबतो, आणि कागद थांबला की फोरमनचा चेहरा बघवत नाही. काय रे रेमी? म्हणून बाजूने एक झडप होती. धूर सापळ्यात न जाता सरळ वर. आम्ही तिला खिडकी म्हणायचो. 'रोझेर, खिडकी उघड.' झालं, उघडली."

सरकारी बाईने मान वर केली. वेंटवर्थसाहेब म्हणाले, "हे फार जुनं, धुरावर मीटर बसायच्या आधीचं..."

"जुनंच सांगतोय, साहेब. जुना माणूस बोलवलात ना? तर खिडकी उघडायच्या आधी मी काय करायचो? भिंतीवर फोन होता. घरचा नंबर फिरवायचो, दोनदा वाजू द्यायचो आणि ठेवून द्यायचो. माझ्या आधी बॉयलरवर म्हातारा पोमेर्लो होता, तोही बायकोला असाच फोन करायचा. त्यानेच शिकवलं. दोनदा वाजला की बायकांनी समजायचं, कपडे आत!"

हॉलमध्ये आधी एक बाई हसली, मग चार, मग सगळ्या. जुन्या नाचाची धून ऐकू यावी आणि पाय आपोआप हलावेत, तसं ते हसू रांगारांगांतून पसरत गेलं. म्हातारे पुरुष एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. कारण ते खरं होतं आणि कधी कुणी मोठ्याने सांगितलं नव्हतं.

लोरेतही हसली. हसू आवरता येणारं नव्हतंच. फोन दोनदा वाजला की हातातलं पीठ तसंच टाकून ती लाकडी चमचा घ्यायची आणि ऑलिव्हिनच्या बाजूच्या काचेवर ठकठक करायची. ऑलिव्हिन पातेल्याच्या झाकणावर पळी आपटायची, पुढच्या घरासाठी. बघता बघता सगळी गल्ली दोऱ्यांवर तुटून पडायची. कॉन्व्हेंटच्या नन्ससुद्धा झगे वर धरून पळत, तेही मौनाच्या तासाला, एक अक्षर न बोलता. चादरी, अभ्रे, टेबलक्लॉथ, पुरुषांचे रविवारचे शर्ट. स्प्रूस स्ट्रीटच्या बायकांचे पांढरे कपडे सगळ्या गावात वाखाणले जात. कारण ती भुकटी बसली की दुसऱ्या दिवशी पिवळा ठिपका, आठवड्याने भोक, उंदराने कुरतडल्यासारखं.

"मी तर ओलेच ओढायचे आत!" ऑलिव्हिन बसल्या जागेवरून ओरडली. "भिजले तरी चालतील, डाग नको! एकदा याच्या लोरेतने माझ्या चड्ड्यापण आत घेतल्या, मी दाताच्या डॉक्टरकडे होते तर!"

हॉल पुन्हा फुटला. सरकारी बाईच्या ओठांवरही हसू आलं. रोझेर माईकच्या दांडीला धरून उभा होता, चेहरा लाल, खूश. चांगलं बोलल्याचं त्याला कळत होतं.

"तर सांगायचं म्हणजे," तो म्हणाला, "आम्ही कपड्यालासुद्धा डाग पडू दिला नाही. मग माणसाला..."

"डाग काय, चादरीवरचा निघायचा नाही," ऑलिव्हिन डोळे पुसत पुढे म्हणाली. हसण्याच्या भरात बोलणं तिच्या ताब्यात राहिलं नव्हतं. "पोरांचं सोपं. पोरं काय, टबात घातली की स्वच्छ! माझा गेतान तर नुसता पांढरा व्हायचा, भुवयांपर्यंत, आणि वर मला म्हणायचा..."

ती थांबली.

पुढच्या दोन रांगा अजून हसत होत्या. मागच्या रांगांत ते आधी कळलं. ज्यांनी गेतानला खांदा दिला होता ते मागेच बसले होते. मग पुढेही कळलं. कुणीतरी खोकलं. ऑलिव्हिनने पर्स उघडली, आत बघितलं, पुन्हा मिटली.

रोझेर 'मग माणसाला' या शब्दांवर उभा होता. ते वाक्य पुढे कुठे जाणार, लोरेतला माहीत होतं. तेच वाक्य. वेंटवर्थसाहेबांच्या कागदावरचं. चष्मा नसला तरी ते त्याला पाठ होतं.

लोरेतची एक सवय होती. कपडे आत घेण्याची ती आठवण तिला कितीदा तरी यायची. पण दरवेळी ती दारापाशी संपायची. टोपली काखेत, पायरी, दार, दार लोटलं, पाठ दाराला टेकली, धाप, आणि 'वाचले बाई' असं समाधान. तिथे आठवण थांबायची. दारापलीकडे ती कधी गेलीच नव्हती. लोरेत तिला जाऊ देत नव्हती, की ती स्वतःच जात नव्हती, कुणास ठाऊक.

आज ऑलिव्हिनच्या त्या थांबलेल्या तोंडाकडे बघताना ती दारापलीकडे गेली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसत होतं. दोरी रिकामी झाली होती, वाऱ्याने हलत होती. दोरीचा खांब आणि झोक्याचा खांब एकच. जुलै महिना होता, आणि अंगणात बर्फ पडत होता. पांढरा, हलका, उन्हातून सावकाश खाली येणारा. कोलेत झोक्यावर होती. मान मागे टाकून, डोळे मिटून, तोंड उघडं, जीभ बाहेर, वर जाताना एक कण, खाली येताना एक कण. कुंपणापलीकडे गेतान हात पसरून गोल गोल फिरत होता. आणि लोरेत टोपली खाली ठेवून चादरींच्या घड्या घालत होती. काचेतून बघत. हसत. ती पोरं किती गोड दिसत होती! तिला आठवलं, तिने काचेवर टकटकसुद्धा केलं होतं. आत ये म्हणून नाही. तिला हात हलवायला.

"लोरेत," ऑलिव्हिन पुटपुटली. तिचा हात लोरेतच्या बाहीवर होता, तिला खाली ओढत. म्हणजे आपण उभ्या राहिलो आहोत, असं लोरेतच्या लक्षात आलं. मांडीवरची पर्स खाली पडली होती.

"ममाँ," भिंतीपाशी उभा असलेला रेमी हलकेच म्हणाला. "नको ना."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तोच हातमोजा हरवला होता. त्याचं घर, त्याची पोरं, सगळं त्या चेहऱ्यावर होतं, आणि तिला ते सगळं दिसलं. मग ती माईककडे वळली.

"रोझेर," ती म्हणाली. तिला माईक लागला नाही. "तू फोन करायचास. मी कपडे आत घ्यायचे."

"हो," तो म्हणाला.

"आणि पोरं कुठे असायची?"

मागे कॉफीचं मोठं भांडं बुडबुडत होतं. वेंटवर्थसाहेब अर्धे उठले आणि पुन्हा बसले. सरकारी बाईने पेन खाली ठेवलं होतं. यंत्राचा छोटा लाल दिवा चालू होता.

रोझेरने उत्तर देण्याआधी टाय सैल केला. मग नळी. एका बाजूने ती कानावरून काढली, आणि लोरेतला वाटलं की तो आता खाली कोसळेल, पण तो फक्त ती हातात धरून उभा राहिला, जसा माणूस चर्चमध्ये टोपी हातात धरतो. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांकडे इतकं सरळ कधी पाहिलं नव्हतं. तो तिच्याकडेच बघत होता. हॉल, मिल, बाई, साहेब, कुणीच तिथे नव्हतं.

"बाहेर," तो म्हणाला.

मग श्वास. तो पुरला नाही. दुसरा.

"पोरं बाहेर असायची, लोरेत. मला माहीत होतं. मी चादरींसाठी फोन केला, तू चादरी आत घेतल्यास. आपल्या कोलेतला आत बोलव, असं मी कधी म्हटलं नाही. आपण त्यांना बाहेरच ठेवलं. त्यानेच मेली ती. त्यानेच मेली सगळी."